हातांतलें काम आणि हाताखालचीं माणसें

पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक नव्या प्रकारची बढती ऐकूं येऊं लागली आहे. मुलगी संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या एखाद्या कंपनींत नोकरीस लागते, चार-पांच वर्षें मान खालीं घालून काम करते, आणि एके दिवशीं घरीं येऊन सांगते, "बाबा, मला टीम लीड केलें." पेढे येतात, देवापुढें ठेवले जातात. वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हाताखालीं किती माणसें?" आठ, असें उत्तर मिळालें कीं त्यांचें समाधान होतें. मग सहा महिन्यांनीं तीच मुलगी रात्रीं अकरा वाजतां लॅपटॉप उघडून बसलेली दिसते. आईनें विचारलें तर म्हणते, "दिवस सगळा बोलण्यांत गेला, आई. काम आतां करायचें आहे." बोलणें हें काम नव्हे काय, हा प्रश्न तिला कोणी विचारीत नाहीं, आणि ज्या धंद्यांत ती आहे त्या धंद्यालाहि त्याचें सरळ उत्तर साठ वर्षांत देतां आलेलें नाहीं.

आज्ञावली, किंवा रोजच्या बोलण्यांतला शब्द वापरावयाचा तर सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकानें काय करावें, कोणत्या क्रमानें करावें आणि मध्येंच कांहीं बिघडलें तर काय करावें याच्या लेखी सूचना. बँकेंतून पैसे पाठविणें, रेल्वेचें तिकीट काढणें, विजेचें बिल भरणें हीं कामें आज या सूचनांवर चालतात. सूचना लिहिणें हें वरवर पाहतां कारकुनी वाटतें, पण त्याचें खरें साम्य गणितांतील लांबलचक उदाहरणाशीं आहे. लिहिणाऱ्याला एकाच वेळीं अनेक धागे डोक्यांत धरून ठेवावे लागतात. ही संख्या कोठून आली, ती येथें बदलली तर तिकडे काय मोडेल, दोन प्रवाशांनीं एकाच क्षणीं गाडींतली तीच शेवटची जागा मागितली तर ती कोणास द्यावयाची? हा पसारा मनांत मांडावयास अर्धा-पाऊण तास लागतो, आणि "जरा एक मिनिट येतेस का?" एवढ्या वाक्यानें तो मोडतो. मोडल्यावर तो जेथें होता तेथून पुढें चालत नाहीं. पुन्हां पहिल्यापासून मांडावा लागतो.

टीम लीडच्या दुसऱ्या कामाचा स्वभाव नेमका याच्या उलट आहे. कोणी तरुण सहकारी एका जागीं अडला आहे, त्याला वाट दाखवावयाची. दोघांत मतभेद झाला आहे, तो मिटवावयाचा. ग्राहकाला तारीख हवी आहे, ती द्यावयाची. आणि दिलेली तारीख टळणार असेल तर तसें वेळेवर सांगण्याचा वाईटपणाहि घ्यावयाचा. हीं कामें तुकड्या-तुकड्यांनींच येतात, कारण माणसांच्या अडचणी घड्याळ पाहून येत नाहींत. पॉल ग्रॅहॅम या अमेरिकन लेखकानें, जो स्वतः उत्तम प्रोग्रामर आहे, २००९ सालीं एका छोट्या निबंधांत हा भेद फार सोप्या रीतीनें मांडला. त्याच्या म्हणण्याप्रमाणें घडविणाऱ्याचा दिवस अर्ध्या-अर्ध्या दिवसांत मोजला जातो आणि व्यवस्था पाहणाऱ्याचा दिवस तासातासांत. व्यवस्थापकाला दुपारीं तीनची एक बैठक म्हणजे वहींतली एक ओळ; पण प्रोग्रामरच्या दुपारचे तिनें दोन तुकडे होतात, आणि त्या दोन तुकड्यांपैकीं एकांतहि मोठें काम मावत नाहीं. दोघे वेगवेगळे असतील तर समजुतीनें भागतें. टीम लीडच्या बाबतींत हीं दोन्ही घड्याळें एकाच मनगटावर बांधलेलीं असतात.

शाळांतून हा प्रश्न फार जुना आहे. मुख्याध्यापकानें वर्गावर तास घ्यावेत कीं नाहीं? जो घेतो त्याला कोणता धडा मुलांना जड जातो, कोणत्या बांकावर गडबड असते, नवें पाठ्यपुस्तक खरोखर कसें आहे, हें अहवालावांचून कळतें. जो घेत नाहीं त्याला तें कोणीतरी सांगावें लागतें, आणि सांगणारा पुष्कळदां गोड तेवढेंच सांगतो. परंतु मुख्याध्यापकाला एक सोय असते: तासाची घंटा होते, दार लोटलें जातें, आणि पुढचीं पस्तीस-चाळीस मिनिटें शिपाईसुद्धां आंत डोकावत नाहीं. सॉफ्टवेअरच्या कचेरींत घंटा नाहीं आणि बहुधा दारहि नाहीं.

या विषयावर सर्वांत प्रामाणिक साक्ष फ्रेडरिक ब्रूक्स यांची आहे. १९३१ सालीं जन्मलेले आणि २०२२ सालीं निवर्तलेले हे गृहस्थ आयबीएम या अमेरिकन कंपनींत होते. ७ एप्रिल १९६४ रोजीं त्या कंपनीनें 'सिस्टिम-३६०' नांवाची संगणकांची मालिका जाहीर केली. त्या यंत्रांची आंखणी ज्यांच्या देखरेखीखालीं झाली तेच ब्रूक्स पुढें त्या यंत्रांवर चालावयाच्या मुख्य आज्ञावलीचे, म्हणजे 'ओएस-३६०' चे, प्रमुख झाले. काम अवाढव्य होतें. भर वेगांत असतां एक हजाराहून अधिक माणसें त्यावर खपत होतीं, आणि १९६३ ते १९६६ या काळांत मिळून सुमारें पांच हजार मनुष्यवर्षांचे श्रम त्यांत गेले. तरीहि तें ठरल्या वेळीं झालें नाहीं, पहिल्या कांहीं आवृत्ती निर्दोषहि नव्हत्या. नंतर ब्रूक्स नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांत प्राध्यापक झाले आणि १९७५ सालीं त्यांनीं 'द मिथिकल मॅन-मंथ' हें पुस्तक लिहिलें. आज्ञावलीच्या कामाची व्यवस्था इतकी अवघड कां, असें कंपनीचे प्रमुख टॉम वॉटसन यांनीं त्यांस विचारलें होतें. त्या प्रश्नाचें हें दहा वर्षांनीं दिलेलें उत्तर होय.

त्या उत्तरांतील एक नियम आज जगभर ब्रूक्स यांच्या नांवानें ओळखला जातो. तो असा कीं, उशीर झालेल्या कामावर आणखी माणसें लावलीं तर तें काम लवकर न होतां उलट अधिक लांबतें. विहीर खणावयाची असेल तर चार गडी जास्त लावून चालतें. येथें तसें होत नाहीं. कारण नव्या माणसाला शिकविण्यास जुन्या माणसाचा वेळ जातो, आणि प्रत्येक नवा माणूस आधींच्या प्रत्येकाशीं बोलूं लागतो. पांच माणसांत दोघा-दोघांच्या जोड्या दहा होतात. दहा माणसांत पंचेचाळीस, आणि वीस माणसांत एकशें नव्वद. माणसें चौपट झालीं, जोड्या एकोणीसपट. "हाताखालीं किती?" या प्रश्नाचा आंकडा वाढला म्हणून आनंद मानणाऱ्या वडिलांनीं हा दुसरा आंकडाहि मनांत धरावा. आठ माणसें म्हणजे मुलीसह नऊ, आणि नऊ माणसांत छत्तीस जोड्या. या छत्तिसांपैकीं कोणती जोडी आज बोलत नाहीं हें पाहणें हें मुलीचें काम.

ब्रूक्स यांनीं सांगितलेली दुसरी हकीकत कमी प्रसिद्ध आहे, पण प्रस्तुत विषयास ती अधिक लागू पडते. ओएस-३६० चा तपशीलवार आराखडा कोणीं लिहावा असा प्रश्न एकदां निघाला. एका बाजूस आंखणी करणारे दहा निवडक लोक होते. त्यांच्या प्रमुखाचें म्हणणें कीं आम्ही तो दहा महिन्यांत लिहूं, ठरल्यापेक्षां तीन महिने अधिक लागतील, पण तो एकजीव होईल. दुसऱ्या बाजूस दीडशें प्रोग्रामरांचा तांडा होता. त्यांचा प्रमुख म्हणाला कीं आम्ही वेळेंत लिहूं, आणि आम्हांला हें काम दिलें नाहीं तर माझीं दीडशें माणसें दहा महिने हात चोळीत बसतील. ब्रूक्स यांनीं दुसऱ्याचें ऐकलें. आराखडा शेवटीं तीन महिने उशिरानेंच आला, तो कमअस्सल निघाला, आणि चुका शोधण्याच्या कामांत त्यामुळें एक वर्षाची भर पडली असा त्यांचा स्वतःचा हिशेब आहे. येथें चूक गणिताची नव्हती. दीडशें माणसें रिकामीं बसतील ही चिंता माणसें सांभाळणाऱ्याची होती; आराखडा एकजीव हवा ही चिंता कारागिराची. दोन्ही चिंता एकाच डोक्यांत होत्या, आणि त्या दिवशीं पहिलीनें दुसरीला मागें सारलें. टीम लीडच्या खुर्चींत बसलेल्या प्रत्येकावर असा दिवस लहान प्रमाणांत दर आठवड्यास येतो.

यावर तोडगा म्हणून आयबीएममधीलच हार्लन मिल्स यांनीं एक योजना सुचविली होती व ब्रूक्स यांनीं ती आपल्या पुस्तकांत उचलून धरली. ती शस्त्रक्रियेच्या दालनावरून बेतलेली आहे. पोटावर चाकू चालविणारा एकच असतो. बाकीचे सारे त्याचा हात मोकळा राहावा म्हणून उभे असतात. त्याप्रमाणें दहा जणांच्या तुकडींत आज्ञावली लिहिणारा मुख्य एकच असावा, त्याच्या बरोबरीचा एक सहायक असावा, आणि मग पैसा, जागा, माणसें पाहणारा व्यवस्थापक, लिखाण सुधारणारा संपादक, दोन चिटणीस, आज्ञावलींची दफ्तरें राखणारा कारकून, हत्यारें बनविणारा, तपासणारा आणि संगणकाच्या भाषेचे कायदे मुखोद्गत असणारा एक जाणकार, असे बाकीचे असावेत. १९६९ ते १९७१ या काळांत 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जुन्या अंकांतील मजकूर शोधण्याची यंत्रणा याच धर्तीच्या एका लहान तुकडीनें तयार केली. सुमारें त्र्याऐंशी हजार ओळींचें तें काम बावीस महिन्यांत उरकलें.

योजना देखणी आहे. पण ती फारशी रुजली नाहीं. असा एक धन्वंतरी सांपडणें कठीण, सांपडला तर त्याच्या हाताशीं नऊ माणसें देण्यास पैसे मोजणारा धनी कठीण, आणि तो धन्वंतरी आजारी पडला कीं सारेंच अडलें. शिवाय नऊ बुद्धिमान माणसांना जन्मभर दुसऱ्याच्या हातांत कातरी देत उभें राहणें आवडत नाहीं. तरीपण त्या योजनेंतील एक कल्पना मोलाची होती: तुकडीचा कारागीर-प्रमुख आणि तुकडीचा व्यवस्थापक हीं दोन वेगळीं माणसें असूं शकतात, आणि व्यवस्थापक हा वरचाच असला पाहिजे असें नाहीं.

कारागिराचा नायक होतो तेव्हां त्याच्या हातांतलें काम कसकसें बदलत जातें याचें सर्वांत चांगलें उदाहरण फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांचें आहे. १९९१ सालीं ते हेलसिंकी विद्यापीठांत शिकत होते, वय एकवीस. त्यांनीं स्वतःच्या हौसेखातर संगणकाची एक मूळ आज्ञावली लिहावयास घेतली आणि ती सर्वांस फुकट वाचावयास व सुधारावयास खुली केली. पहिली आवृत्ति सुमारें दहा हजार ओळींची होती. तीच पुढें लिनक्स या नांवानें जगभर पसरली. आज अँड्रॉइड फोन तिच्यावर चालतात, आणि जगांतील सर्वांत वेगवान पांचशें संगणकांची जी यादी निघते तींतील एकूण एक यंत्रें २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवरच चालत आलीं आहेत. ओळींची संख्या आतां तीन कोटींच्या वर गेली आहे.

आरंभीं टोरवाल्ड्स स्वतः लिहीत, दुसऱ्यांनीं पाठविलेल्या दुरुस्त्या वाचीत, आणि पसंत पडतील त्या आपल्या हातानें मुळांत घालीत. दहा-वीस माणसांपर्यंत हें चाललें. १९९८ पर्यंत दुरुस्त्या पाठविणारे शेंकड्यांनीं झाले होते, आणि त्यांचीं पत्रें हरवूं लागलीं. माणूस दुरुस्ती पाठवी, उत्तर येत नसे. पुन्हां पाठवी, पुन्हां उत्तर नाहीं. तिसऱ्या वेळीं तो संतापे. टोरवाल्ड्स थकले होते, आणि लॅरी मॅक्व्हॉय नांवाच्या सहकाऱ्यानें उघडपणें लिहिलें कीं या एका माणसाला हें ओझें पेलणारें नाहीं. टोरवाल्ड्स यांच्या बुद्धींत किंवा कष्टांत कमतरता होती असें येथें कोणीहि म्हटलें नव्हतें. अडचण होती ती प्रत्येक वाट त्यांच्याच दारावरून जात होती ही.

तेव्हां हळूहळू दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे विभागवार विश्वासू माणसें नेमलीं गेलीं: जाळ्याचें काम एकाकडे, फायलींची व्यवस्था दुसऱ्याकडे, यूएसबीचें तिसऱ्याकडे. दुरुस्ती आधीं त्यांच्याकडे जावयाची, त्यांनीं पारखून पुढें पाठवावयाची. दुसरी गोष्ट म्हणजे दफ्तर राखण्याचें साधन बदललें. २००२ सालीं मॅक्व्हॉय यांच्याच कंपनीचें एक साधन घेण्यांत आलें. तें खाजगी मालकीचें होतें आणि २००५ च्या एप्रिलमध्यें त्याचा फुकट वापर बंद झाला. आणि येथें एक विलक्षण गोष्ट घडली. एवढ्या मोठ्या कारभाराचा नायक सगळी कामें बाजूस ठेवून पुन्हां स्वतः लिहावयास बसला. ३ एप्रिलला आरंभ केलेलें 'गिट' नांवाचें नवें साधन चौथ्या-पांचव्या दिवशीं स्वतःचेंच दफ्तर राखूं लागलें होतें, आणि त्या जूनमध्यें निघालेली लिनक्सची आवृत्ति त्याच्या साहाय्यानें निघाली. आज सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या बहुतेक कंपन्यांत, हिंजवडी-खराडीच्या कचेऱ्यांतहि, गिट वापरलें जातें.

या हकीकतींत लोकांना चार दिवसांचें आश्चर्य वाटतें. पण या विषयाच्या दृष्टीनें २६ जुलै २००५ हा दिवस अधिक महत्त्वाचा आहे. त्या दिवशीं, चार महिनेहि झाले नसतां, टोरवाल्ड्स यांनीं गिटची सारी जबाबदारी जुनियो हामानो या जपानी गृहस्थांकडे सोंपविली आणि आपण लिनक्सकडे परत गेले. पुढें वीस वर्षें तें काम हामानो यांनीं सांभाळलें. स्वतःच्या हातचें, नुकतेंच बाळसें धरलेलें काम दुसऱ्याच्या ओटींत घालणें हें तें लिहिण्यापेक्षां कठीण असतें. तेंच त्यांनीं केलें, आणि योग्य माणूस पाहून केलें.

आज लिनक्सची नवी आवृत्ति नऊ-दहा आठवड्यांनीं निघते. पहिल्या दोन आठवड्यांत नवीन गोष्टी आंत घेतल्या जातात, उरलेला काळ चुका काढण्यांत जातो. दर खेपेस दीड हजाराहून अधिक माणसांचा हात त्याला लागतो. टोरवाल्ड्स यांनीं २०२० सालीं एका मुलाखतींत स्वच्छच सांगितलें कीं आपण आतां प्रोग्रामर राहिलेलों नाहीं. बहुतेक वेळ पत्रें वाचण्यांत आणि लिहिण्यांत जातो. पण जीं पत्रें ते वाचतात तीं कोडविषयींचीं असतात, आणि कोणती दुरुस्ती घातक ठरेल हें ज्याला एका दृष्टिक्षेपांत कळत नाहीं त्याला तीं वाचून उपयोग नाहीं.

ही झाली यशाची बाजू. दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. वाईट कोड लिहिणाऱ्यांस टोरवाल्ड्स जीं पत्रें लिहीत त्यांची भाषा अनेकदां जिव्हारीं लागणारी असे. कामाच्या बाबतींत ते बहुधा बरोबर असत, म्हणून हें पुष्कळ वर्षें चालून गेलें. अखेर १६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्यांनीं जाहीर क्षमा मागितली, लोकांच्या भावना समजून घेण्यास आपणांस मदत हवी आहे असें लिहिलें आणि कांहीं काळ रजा घेतली. मधल्या आवृत्तीचें काम ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं पाहिलें आणि ती २२ ऑक्टोबरला बाहेर पडली. गाडा थांबला नाहीं. ज्या नायकाच्या रजेंत काम थांबत नाहीं त्यानें माणसें बरीं तयार केलीं होतीं असेंच म्हणावें लागेल. मात्र त्याच माणसांशीं बोलावें कसें हें त्यास अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं शिकावें लागलें.

तर मग नायकाला कारागिरी किती यावी? गूगल कंपनीनें या प्रश्नाचा दोनदां अनुभव घेतला. २००२ सालीं तिच्या संस्थापकांनीं इंजिनिअरांवरचे व्यवस्थापकच काढून टाकून पाहिले. हुशार माणसांना मुकादम कशाला, असा विचार. थोड्याच महिन्यांत प्रवासखर्चाच्या पावत्या आणि आपसांतील भांडणें घेऊन लोक थेट लॅरी पेज यांच्या दारीं येऊं लागले, आणि प्रयोग आटोपला. पुढें २००८ च्या सुमारास त्याच कंपनीनें चांगला व्यवस्थापक कशानें होतो याचा स्वतःच्या नोंदींवरून अभ्यास केला. आठ गुण निघाले. हाताखालच्यास शिकविणें हा पहिला, प्रत्येक बारीक गोष्टींत हात न घालणें हा दुसरा, आणि तांत्रिक ज्ञान हा आठवा. इंजिनिअरांनीं भरलेल्या कंपनींत तो शेवटीं यावा याचें पुष्कळांस नवल वाटलें. कांहींनीं त्यावरून तांत्रिक ज्ञान नसलें तरी चालतें असा निष्कर्ष काढला, तो मात्र उतावळेपणाचा. आठांच्या यादींत शेवटचा असणें म्हणजे यादींत नसणें नव्हे. आणि तो गुण तेथें कशासाठीं होता? सहकाऱ्यांना योग्य सल्ला देतां यावा एवढ्यासाठीं.

नव्या टीम लीडचा पाय घसरतो तो बहुधा एकाच जागीं. एखादें काम तिनें स्वतः केलें तर दोन तासांत होतें; नव्या मुलाला दिलें तर त्याला दोन दिवस लागतात आणि वर तिचा एक तास समजावण्यांत जातो. तारीख जवळ आलेली असते. ती म्हणते, "राहूं दे, मीच करतें." त्या दिवशीं तें बरोबरच असतें. पण पुढच्या महिन्यांत तेंच काम पुन्हां येतें, मुलगा अजून शिकलेला नसतो, आणि ती पुन्हां तेंच म्हणते. वर्षअखेरीस आठ माणसांपैकीं सातांना वाटूं लागतें कीं कठीण तेवढें सारें बाई स्वतःकडे ठेवतात. आणि बाईंना वाटतें कीं सारा भार आपल्या एकटीवर आहे. दोघांचेंहि खरें असतें. घरांत रात्रीं अकराला उघडणारा लॅपटॉप तो हाच.

याच्या उलट टोंकाचा दोषहि तितकाच घातक. कांहीं जण बढतीबरोबर हत्यार खालीं ठेवतात तें कायमचें. दोन-तीन वर्षांत आज्ञावली लिहिण्याच्या रीति बदलतात, आणि मग सहकारी "याला तीन आठवडे लागतील" म्हणाला तर तें खरें कीं फुगवलेलें हें त्यांस कळेनासें होतें. मग ते एक तर सगळेंच मान्य करतात नाहीं तर सगळेंच निम्म्यावर आणतात. दुसऱ्या प्रकारानें माणसें पळतात.

इमारतीच्या कामावरचा जाणता मिस्त्री पाहावा. तो विटा रचणें सोडतो, पण ओळंबा सोडत नाहीं. प्रत्येक थराला तो स्वतः दोरी लावून पाहतो, आणि नवा गवंडी आला कीं पहिल्या दिवशीं थापी हातांत घेऊन चार विटा लावून दाखवितो. सॉफ्टवेअरमध्यें ओळंब्याची जागा दुसऱ्यांनीं लिहिलेला कोड वाचण्यास आहे. टीम लीडनें दिवसाचा एक तास त्यास दिला तर तिला कारागिरीहि राखतां येते आणि माणसेंहि कळतात. कोण घाईत आहे, कोण घाबरून विचारीत नाहीं, कोणाची समज वाढली आहे, हें बैठकींत दिसत नाहीं तें लिखाणांत दिसतें. स्वतः लिहावयाचें तें मात्र असें निवडावें कीं तें चार दिवस पडून राहिलें तरी कोणाचें अडूं नये: लहानसहान चुका, सर्वांस उपयोगी पडणारें एखादें साधन, पुढें मोठें होणाऱ्या कामाचा कच्चा नमुना. ज्या कामावर साऱ्या तुकडीची तारीख टांगलेली आहे तें तिनें स्वतःकडे घेऊं नये. तिला केव्हांहि बैठकीस बोलावलें जाईल, आणि मग सारेच खोळंबतील. ही गोष्ट नव्या लीडला पटत नाहीं, कारण सर्वांत महत्त्वाचें काम सर्वांत उत्तम कारागिरानें करावें हें ती आजवर शिकत आलेली असते.

गेल्या कांहीं वर्षांत आणखी एक बदल झाला आहे. साध्या भाषेंत सांगितलें कीं कोड लिहून देणारीं साधनें २०२२ पासून सर्रास मिळूं लागलीं, आणि लिहिण्याचा वेग पुष्कळ वाढला. लिहिलेलें बरोबर आहे कीं नाहीं हें पारखण्याचा वेग मात्र तसा वाढलेला नाहीं. त्यामुळें ज्यांना वाचतां येतें व पारखतां येतें त्यांच्यावर भार वाढला. एका दृष्टीनें पाहतां, पहिल्याच दिवशीं नोकरीस लागलेल्या पोरालाहि आतां टीम लीडसारखें काम करावें लागतें: दुसऱ्यानें केलेलें तपासणें. तें दहा हजार ओळी स्वतः लिहून चुकल्यावांचून त्यास कसें येईल, ही चिंता जुने प्रोग्रामर करतात आणि ती खोटी नाहीं.

घरच्या मंडळींनीं एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. मोठ्या कंपन्यांतून आतां दोन शिड्या असतात. एक माणसें सांभाळणाऱ्यांची, दुसरी केवळ कारागिरीची. आयबीएमनें तर १९६० च्या दशकांतच आपल्या निवडक शास्त्रज्ञ-इंजिनिअरांस 'फेलो' ही सर्वोच्च पायरी देऊन त्यांच्यामागची देखरेखीची कटकट काढून टाकली. अॅपल कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझनियाक तर जुनी नोकरी सोडून स्वतःच्याच कंपनींत यावयास आढेवेढे घेत होते. धनी झालों कीं माणसें हांकावीं लागतील, या भीतीनें. इंजिनिअर म्हणूनच राहतां येईल, कोणावर हुकमत गाजवावी लागणार नाहीं, अशी एका मित्रानें समजूत घातली तेव्हां कुठें ते तयार झाले. पण आपल्याकडे, विशेषतः लग्नाच्या बोलणीच्या वेळीं, दुसऱ्या शिडीचें नांव कोणी काढीत नाहीं. "प्रिन्सिपल इंजिनिअर" म्हटलें तर समोरचे विचारतात, "म्हणजे मॅनेजर नाहीं का अजून?" चांगला कारागीर या एका प्रश्नापायीं वाईट मॅनेजर झाल्याचीं उदाहरणें शोधावयास लांब जावें लागणार नाहीं. त्यांतले कांहीं पांच-सहा वर्षांनीं निमूटपणें पहिल्या कामाकडे परत येतात आणि घरीं तें सांगत नाहींत. वास्तविक परत येणें ही पायउतार नव्हे. पुष्कळ जाणत्या इंजिनिअरांनीं दोन वर्षें माणसें सांभाळून, मग दोन-चार वर्षें पुन्हां कोड लिहून, अशी फेर-बदल मुद्दाम करून पाहिली आहे आणि दोन्ही कामांत त्यांचा हात सुधारला आहे.

राहतां राहिला वेळेचा प्रश्न. पुण्याच्या टीम लीडला एक अडचण अशी आहे कीं तिचा ग्राहक पुष्कळदां अमेरिकेंत असतो. उन्हाळ्यांत न्यूयॉर्कला सकाळचे अकरा वाजतात तेव्हां येथें रात्रीचे साडेआठ झालेले असतात. म्हणजे बोलण्याचीं कामें सरकत सरकत जेवणाच्या वेळेवर येतात आणि जेवण ताटांत निवतें. यांतच एक सोयहि लपलेली आहे, तिचा उपयोग फार थोडे करतात. येथें सकाळीं आठ ते अकरा या वेळांत तिकडे रात्रीचे साडेदहा ते दीड झालेले असतात. तिकडून कोणी हांक मारणार नाहीं. ज्या तुकड्यांनीं अकरापूर्वीं आपसांतहि बैठक ठेवावयाची नाहीं असें ठरवून घेतलें आहे, त्यांतील लीडना स्वतःचें कोड लिहिणें आणि दुसऱ्यांचें वाचणें हीं दोन्ही कामें त्या तीन तासांत बसवितां येतात; आणि संध्याकाळची बोलणीं अंगावर आलीं तरी रात्रीं अकराला पुन्हां लॅपटॉप उघडावा लागत नाहीं. अशा घरांत सकाळीं नऊच्या सुमारास मुलगी खोलीचें दार लोटून बसली असेल, तर "ऑफिस सुरू व्हायचें आहे ना अजून? मग जरा मंडईतून भाजी आण" असें तिला म्हणूं नये.